समासातले साहेब

माणूस निवृत्त होतो, पण त्याचा उजवा हात निवृत्त होत नाही. शिंपी दुकान मुलावर सोपवून घरी बसला तरी त्याची दोन बोटं कुणाच्याही खांद्यावर माप घेत राहतात. साहेबांच्या उजव्या हाताला शेरा मारायची सवय होती.

साहेब कोणत्या खात्यात होते हे सांगण्यात अर्थ नाही, कारण सगळ्या खात्यांत काम एकच चालतं. डावीकडे कोरा समास सोडलेला कागद खालून वर येतो, वरचा माणूस त्या समासात काहीतरी लिहितो आणि कागद पुन्हा खाली जातो. यालाच कारभार म्हणतात. साहेब समासात लिहीत. ‘पाहिले’, ‘सहमत’, ‘खुलासा मागवावा’ असे त्यांचे रोजच्या वापरातले शेरे होते. पण खास ठेवणीतला शेरा म्हणजे ‘चर्चा करावी’. हा शेरा आला, की समोरच्याने हातातला चहा तसाच ठेवून, चष्मा पुसून, जिना चढून स्वतः साहेबांच्या खोलीत यायचं. या दोन शब्दांनी साहेबांनी भल्याभल्यांना जिने चढायला लावलं होतं.

निवृत्तीनंतर मात्र साहेबांचा शेरा कुणालाच नको होता. विजेचं बिल आलं, त्याला समासच नव्हता. मुलीने फोनवर नव्या घराचं सांगितलं, तेव्हा साहेब ‘यात दोन मुद्दे उपस्थित होतात’ एवढं म्हणाले आणि ‘बाबा, आईला द्या’ असं उत्तर आलं. शेवटी ते फ्रिजच्या दाराला सूचना देऊ लागले. दार किती वेळ उघडं असावं, कोणत्या कोनात असावं, भांडं काढण्याआधी ते कुठे आहे याचा विचार बाहेर उभं राहून करावा की नाही, असं बरंच.

बाईंनी, म्हणजे साहेबांच्या पत्नीने, हे काही आठवडे सोसलं. घरच्या पुढच्या खोलीत त्या शिवणाचे वर्ग घेत, म्हणून त्यांना सगळी कॉलनी ‘बाई’च म्हणे. एका दुपारी त्यांनी मशीनवरून उठून कपाटावरची एक जाड कादंबरी उचलली आणि साहेबांच्या मांडीवर ठेवली.

“हे काय?” साहेबांनी विचारलं.

“कादंबरी. मी सांगितल्याशिवाय उठायचं नाही.”

“कोणत्या विषयावर आहे?”

“वाचा, म्हणजे कळेल. आणि फ्रिजकडे बघू नका.”

साहेबांनी आयुष्यात कादंबरी वाचली नव्हती. खरं न घडलेल्या गोष्टींची एवढी पानं वरिष्ठांनी मंजूर कशी केली, हा प्रश्न त्यांना पहिल्याच पानाला पडला. पण पुस्तकाला समास होता. दोन्ही बाजूंना. खात्यातल्या कागदाला एकाच बाजूला असे. साहेबांच्या हाताने खिशातली पेन्सिल कधी काढली ते साहेबांनाही कळलं नाही.

कादंबरीचा नायक बायकोला घरी ठेवून दूरच्या गावी कामाला जातो. समासात शेरा पडला: ‘जाण्यापूर्वी घरी विचारलेले दिसत नाही. खुलासा मागवावा.’ तिथे तो आजारी पडतो. ‘वैद्यकीय दाखला जोडलेला नाही.’ पाऊणशे पानं पत्र पाठवत नाही. ‘विलंबाचे कारण नमूद करावे.’ मग एका प्रकरणात ती बायको नुसती खिडकीत बसून राहते आणि काहीही घडत नाही. तिथे साहेबांची पेन्सिल बराच वेळ कागदावर टेकून राहिली. शेवटी त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं: ‘वाईट वाटले.’ असा शेरा त्यांनी उभ्या नोकरीत मारला नव्हता.

आणि शब्द तरी किती. रुखरुख, काहूर, तगमग. साहेबांच्या खात्यात माणसाला जे काही व्हायचं ते ‘गैरसोय’ या एका शब्दात बसत असे. इथे गैरसोयीचे एवढे पोटविभाग होते आणि आपल्याला त्यांची कुणी कल्पना दिली नव्हती. नवा शब्द दिसला, की साहेब त्याच्याखाली रेघ ओढत आणि त्याच दिवशी तो वापरून बघत. नळदुरुस्तीवाला आला, तेव्हा ते त्याला म्हणाले, “गळती सुरू झाल्यापासून घरात काहूर माजलंय.”

नळदुरुस्तीवाल्याने पान्हा खाली ठेवला. “ते मी करत नाही. मी फक्त नळ बघतो.”

एक शब्द मात्र अडला. शेवटच्या प्रकरणात, पावलं वाजतात तेव्हा, ‘तिने असोशीने दाराकडे पाहिले’ असं वाक्य होतं. कोशात अर्थ सापडला असता. पण वर्षानुवर्षं खालून माहिती मागवायची सवय असलेला माणूस स्वतः उठून कपाटापर्यंत जात नसतो. साहेबांनी लिहिलं: ‘असोशी म्हणजे काय? संबंधितांनी खुलासा करावा.’ खाली लफ्फेदार सही केली आणि दुसऱ्या दिवशी फिरायला जाताना पुस्तक वाचनालयात परत करून टाकलं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, ती साहेबांच्या लक्षात आली नव्हती. पुस्तक वाचनालयाचं होतं आणि कार्ड बाईंचं होतं. लग्न होऊन या गावात आल्यावर बाईंनी भांड्यांच्याही आधी काय घेतलं असेल, तर ते कार्ड. इतक्या वर्षांत पुस्तकाच्या पानाचा कोपरा कधी मुडपला नव्हता. वाचताना त्या हाताचं तेल, पाणी, पीठ सगळं पुसून बसत. ग्रंथपालबाई नव्या सभासदांना पुस्तक कसं वापरावं हे सांगताना बाईंचंच उदाहरण देत.

काही दिवसांनी साहेब वाचनालयात वर्तमानपत्र चाळायला गेले आणि सहज म्हणून ती कादंबरी उघडून पाहिली. शेऱ्यांना उत्तरं आली होती.

‘घरी विचारलेले दिसत नाही’ याच्याखाली गोल अक्षरात कुणीतरी लिहिलं होतं, ‘कुठला नवरा विचारतो?’ वैद्यकीय दाखल्यापाशी तिरक्या अक्षरात, ‘अहो, ताप आलाय त्याला, दाखला कुठून आणेल?’ ‘वाईट वाटले’च्या खाली तर चार वेगवेगळ्या हातांनी ‘मलाही’ लिहिलं होतं. असोशीच्या बाजूला गर्दी उसळली होती. ‘असोशी म्हणजे अधीरपणा. वाचन वाढवा.’ ‘अधीरपणा नव्हे, ओढ.’ ‘दोघांचंही चूक. बाळ झाल्यावर नर्स ते धुऊन आणते, तोवर बाईच्या डोळ्यांत जी असते ती.’ आणखी एक लांबलचक मजकूर होता, पण तो मुंगीने शाईत पाय बुडवून फेरफटका मारावा तसा होता. साहेबांनी तिथल्या तिथे खाली शेरा मारला: ‘अक्षर सुवाच्य असावे.’

निवृत्तीनंतर पहिल्यांदाच साहेबांचा कागद कुठेतरी फिरला होता. छाती दोन बोटं वर आली. त्यांनी पुस्तक पुन्हा बाईंच्या कार्डावर घरी नेलं.

“परत तेच?” बाईंनी सुईत दोरा ओवता ओवता विचारलं.

“पुनर्विलोकनासाठी.”

“आवडलं वाटतं.”

“काही मुद्दे अनिर्णित आहेत,” साहेब म्हणाले आणि पेन्सिलीला टोक काढायला गेले.

असं दोनतीनदा झालं. मग वाचनालयाची नोटीस आली. पाकिटावर बाईंचं नाव होतं. ‘आपल्या कार्डावर वारंवार नेण्यात आलेल्या पुस्तकात पानोपानी लिखाण आढळले असून, येत्या रविवारच्या समितीपुढे समाधानकारक खुलासा न झाल्यास आपले सभासदत्व रद्द करण्यात येईल. तोपर्यंत कार्ड जमा करावे.’

बाईंनी नोटीस वाचली. पुन्हा वाचली. साहेब पलीकडे वर्तमानपत्राआड होते.

बाई चिडल्या असत्या तर साहेबांना बरं वाटलं असतं. चिडलेल्या माणसाला उत्तर देता येतं. बाईंनी फक्त पिशवीतून कार्ड काढलं, पदराने पुसलं आणि वाचनालयात नेऊन दिलं. परत आल्या, मशीनवर बसल्या आणि कुणाच्या तरी परकराला सरळ रेषेत टीप घालू लागल्या. जेवताना एवढंच म्हणाल्या, “ग्रंथपालबाई माझ्याकडे बघत नव्हत्या.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “कार्ड तुम्ही घालवलंत. तुम्हीच आणा.”

मग साहेब सल्ल्याला बाहेर पडले. तळमजल्यावर ‘वकील’ राहत. हे वकील कोर्टात समन्स वाटायच्या कामावर होते, पण काळा कोट आयुष्यभर जवळून पाहिल्याने त्यांना पदवी आपोआप मिळाली होती.

“कबूल करायचं नाही,” वकील म्हणाले. “अक्षर तुमचंच, हे त्यांनी सिद्ध करू दे.”

“खाली सही आहे माझी.”

वकिलांनी डोळे मिटले. “प्रत्येक ठिकाणी?”

“नियमच आहे तसा. शेरा विनासही ग्राह्य नसतो.”

“मग पुरावा नष्ट करा. पेन्सिलच आहे ना? खोडा.”

दुपारी बाईंचा वर्ग चालू असताना साहेब पुस्तक घेऊन वकिलांच्या ओट्यावर बसले. पुस्तक कार्डाशिवाय बाहेर कसं आलं, तर साहेबांनी ते ‘खुलासा तयार करण्यासाठी अवलोकनार्थ’ असं पत्र देऊन मागवलं होतं आणि अशा पत्राला नाही म्हणायची ग्रंथपालबाईंची छाती झाली नव्हती. रबर नवं होतं, कागद जुना होता. पहिले काही शेरे गेले. ‘वैद्यकीय दाखला’ गेला, तो नायकाचा ताप घेऊन गेला. शेवटच्या प्रकरणात साहेबांनी जोर लावला. पानाला भोक पडलं, आणि ज्या दाराकडे ती बाई असोशीने बघत होती ते दारच नाहीसं झालं.

वरच्या मजल्यावरच्या गणिताच्या बाई जिना उतरता उतरता थांबल्या. “रबराने कुणी खोडतं का? पावाचा मऊ भाग घ्यायचा. हलक्या हाताने फिरवायचा. कागदाला धक्का लागत नाही.”

हे अगदी खरं आहे आणि ज्यांना करून बघायचं असेल त्यांनी जरूर बघावं. फक्त नंतर चुरा झटकावा. साहेबांनी पुस्तक चुऱ्यासकट मिटलं आणि कपाटाच्या तळाशी कपड्यांत लपवलं. सकाळी मुंग्यांची एक शिस्तबद्ध रांग शिवणाच्या वर्गातून, मशीनखालून, बाईंच्या पायाजवळून कपाटाकडे चालली होती. बाईंनी रांगेकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि पाय उचलून मशीनच्या पट्टीवर ठेवले.

“आता एकच मार्ग,” वकील म्हणाले. “नवी प्रत आणून द्या. विषय संपला.”

नवी प्रत छापणं केव्हाच बंद झालं होतं. साहेब जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेले. दुकानदार पुस्तकांच्या इतका आत बसला होता, की त्याच्याशी बोलताना विहिरीत बोलल्यासारखं वाटे. त्याने कादंबरीचं नाव ऐकलं आणि ढिगातून हात घालून बरोबर तीच वर काढली. कोरीकरकरीत म्हणता आली नसती, पण आत एकही रेघ नव्हती. पहिल्या पानावर तेवढा एक जाड कागद चिकटवला होता.

“हा कशाला?” साहेबांनी विचारलं.

“मजबुतीसाठी,” दुकानदार म्हणाला.

साहेबांना ते पटलं. खात्यातही बऱ्याच गोष्टी मजबुतीसाठी चिकटवलेल्या असत.

रविवारी समिती भरली. अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. त्यांना समोरच्याने तोंड उघडायची वाट बघायची सवय होती, त्यामुळे ते फार कमी बोलत. शेजारी ग्रंथपालबाई, त्यांच्यापुढे मुंग्या झटकलेलं, भोकं पडलेलं पुस्तक. साहेब एकटेच आले होते. बाई म्हणाल्या होत्या, “मी लिहिलेलं नाही, मी येणार नाही.”

साहेबांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानातली प्रत अदबीने टेबलावर ठेवली. “संस्थेच्या नुकसानीची भरपाई म्हणून.”

ग्रंथपालबाईंनी ती प्रत उघडली, चिकटवलेल्या कागदाकडे पाहिलं आणि कोपऱ्यात नख घातलं. कागद निघाला. खाली गोल, निळा, ठसठशीत शिक्का होता.

“ही आमचीच आहे,” ग्रंथपालबाई म्हणाल्या. “नाहीशी होऊन वर्षं झाली.”

भरपाई द्यायला आलेल्या माणसाने चोरीचा माल आणून ठेवला होता. साहेबांना त्या क्षणी जे वाटलं ते गैरसोय या सदरात बसत नव्हतं. रुखरुख होती, काहूर होतं, तगमगही होती, आणि प्रत्येक शब्द अगदी आपापल्या जागी बसत होता. एवढं अचूक आपलं आपल्याला कधी कळलं नव्हतं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

ते उभे राहिले. “शेरे माझे आहेत,” ते म्हणाले. “ही प्रत मी विकत घेतली, तिचा इतिहास मला माहीत नाही. काय शिक्षा करायची ती मला करा. पण कार्ड तिचं आहे. तिने पुस्तकात आजवर टिंबसुद्धा काढलेलं नाही. मी वाचत नव्हतो तेव्हा तिला कधी विचारलं नाही, की यात काय असतं म्हणून. विचारलं असतं तर कदाचित समासात विचारायची पाळी आली नसती. कार्ड तेवढं परत द्या.”

अध्यक्ष काही बोलणार, तेवढ्यात दार ढकलून एक नर्स आत आली. तिच्या मागे बसचा कंडक्टर आणि कोपऱ्यावरचा शिंपी होता.

“ते पुस्तक आलं का परत?” नर्सने विचारलं. “मी बाळाचं लिहिलेलं, त्यावर कुणी काही म्हणालं का?”

टेबलावर पुस्तक दिसताच तिने ते ओढून घेतलं, शेवटचं प्रकरण काढलं आणि भोकातून पलीकडचा अध्यक्षांचा टाय पाहिला. “हे कुणी खोडलं?”

साहेबांनी हात वर केला.

“लिहिलं कुणी?”

साहेबांनी तोच हात तसाच ठेवला.

“लिहिलंत ते बरं केलंत हो,” कंडक्टर म्हणाला. “पण आमचं कशाला खोडलंत? ‘ओढ’ माझं होतं. मी विचार करून लिहिलेलं, शेवटच्या थांब्यावर बसून.”

“ओढ नव्हेच ती,” शिंपी म्हणाला. “अधीरपणा.”

“तुमचं गिऱ्हाईक दारात आलं की तुम्हाला होतो तो अधीरपणा. ती बाई नवऱ्याची वाट बघतेय.”

“सहा महिने पत्र नाही पाठवलं त्याने. मी असतो तर दार उघडलंच नसतं.”

“तिने उघडलं ना पण,” नर्स म्हणाली. “तेच तर असोशी.”

ग्रंथपालबाईंनी घंटी वाजवायला हात नेला आणि वाजवली नाही. या खोलीच्या भिंतीवर ‘शांतता राखा’ ही पाटी लागल्यापासून इथे पुस्तकाबद्दल कुणी बोललं नव्हतं.

“माझं मत निराळं आहे,” अध्यक्ष अचानक म्हणाले. “मी सविस्तर मांडलं होतं. त्यावर कुणीतरी ‘अक्षर सुवाच्य असावे’ असं लिहिलं.”

सगळे अध्यक्षांकडे बघू लागले. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला आणि घातला. मग ते समितीच्या आवाजात म्हणाले, “ठरावाकडे वळू.”

ठराव असा झाला, की परत मिळालेली प्रत कोरी म्हणून कपाटात राहील. तिच्या शोधाबद्दल साहेबांचे आभार मानण्यात आले. भोकं पडलेली प्रत लिहिण्यासाठी वेगळी ठेवली जाईल. लेखन पेन्सिलीनेच, रबर दारात जमा करायचं, आणि ज्याला लिहायचं त्याने पुस्तक स्वतःच्या कार्डावर न्यायचं. बाईंचं कार्ड साहेबांच्या हातात आलं. दुसरं, कोरं कार्ड त्यांना भरून द्यावं लागलं. ‘व्यवसाय’ या रकान्यापाशी साहेब अडखळले. मग त्यांनी ‘वाचक’ लिहिलं. उगाच इकडेतिकडे पाहिलं. कुणी खुलासा मागितला नाही.

घरी बाई मुंग्यांची शेवटची रांग फडक्याने पुसत होत्या. साहेबांनी कार्ड मशीनवर ठेवलं. बाईंनी ते उलटसुलट पाहिलं, पदराने पुसलं आणि पिशवीत टाकलं.

“ग्रंथपालबाई काय म्हणाल्या?”

“तुला बोलवलंय त्यांनी. त्या लिहायच्या प्रतीला ठिगळं लावायची आहेत. तुझ्याइतका हलका हात दुसऱ्या कुणाचा नाही म्हणाल्या.”

त्या संध्याकाळी फ्रिजचं दार बराच वेळ उघडं राहिलं, आणि साहेबांनी ते पाहूनही सोडून दिलं.

पुढे साहेबांची पाळी यायला बरेच दिवस गेले, कारण त्या प्रतीला रांग लागली होती. अखेर एका सकाळी पुस्तक त्यांच्या हातात आलं. वाचनालयातच उभ्याउभ्या त्यांनी शेवटचं प्रकरण काढलं. भोकावर पातळ कागदाचं ठिगळ इतक्या सफाईने बसवलं होतं, की बोट फिरवल्यावरच कळावं. नाहीसं झालेलं दार पेन्सिलीने पुन्हा जागेवर आलं होतं. शेजारी सगळी मंडळी परतली होती, ‘ओढ’, ‘अधीरपणा’, बाळ, आणि अध्यक्षांचा मुंगीपाय. सर्वांत वर साहेबांचा मूळ प्रश्न कुणीतरी जसाच्या तसा लिहून ठेवला होता. ‘असोशी म्हणजे काय? संबंधितांनी खुलासा करावा.’

त्याच्याखाली, ठिगळाच्या अगदी कडेला, शिवणीच्या टिपेसारख्या बारीक सरळ अक्षरात एक ओळ होती.

‘संबंधित मीच आहे. चर्चा करावी.’

साहेबांनी पेन्सिल काढली. ‘पाहिले’ लिहायला टेकवली. मग तशीच खिशात ठेवली आणि पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं.

“साहेब, एवढी वाट बघितलीत आणि नेत नाही?” ग्रंथपालबाईंनी विचारलं.

“नंतर नेतो,” साहेब दारातूनच म्हणाले. “मला वरून बोलावणं आलंय.”

आणि ते निघाले. घर दुसऱ्या मजल्यावर होतं. वकिलांनी ओट्यावरून काहीतरी विचारलं, पण साहेब थांबले नाहीत. चष्मा पुसायचाही राहिला, एवढ्या घाईने ते जिना चढत होते.